शुगर मशीनमध्ये आहे, डॉक्टरांच्या टेबलावर नाही

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. पण घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि घरात कुणालाच नसेल तर शेजारी असेलच, त्यांच्यासाठी वाचा.

आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०२३ साली आले. देशात साधारण १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. हा आजार आता मुंबई-पुण्याच्या बंगलेवाल्यांचा राहिलेला नाही. बार्शीत कुठल्याही मेडिकलसमोर अर्धा तास उभे राहा. धोतरवाले आजोबा, शाळेतल्या मॅडम, मार्केट यार्डातले हमाल, सगळे शुगरच्या गोळीची चिठ्ठी पुढे करताना दिसतील.

यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. पूर्वी शुगर बघायची म्हणजे उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, मग जेवून दोन तासांनी परत जायचं, अख्खा दिवस मोडायचा. आता घरोघरी ग्लुकोमीटर आलं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला येताना मिठाईच्या बॉक्सबरोबर तेही घेऊन येतो. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब लावायचा, पाच-दहा सेकंदांत आकडा. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी दंडावर चिकटवायचा सेन्सरही आला. लिब्रेसारखा सेन्सर साधारण चौदा दिवस दंडावर राहतो आणि दिवसरात्र शुगर नोंदवत बसतो.

म्हणजे आकड्यांची टंचाई आता उरलेली नाही. टंचाई आहे ती आकडा योग्य माणसापर्यंत पोचण्याची.

गेले काही महिने बातमीच्या निमित्ताने डॉक्टर, लॅबवाले, मेडिकलवाले आणि पेशंट अशा बऱ्याच जणांशी बोललो. सगळीकडे एकच चित्र दिसलं. मशीन घरी, कपाटात. पेशंट दवाखान्यात. डॉक्टर विचारतात, "घरी किती येते?" पेशंट म्हणतो, "असते दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास." कधीची, जेवणाआधीची की नंतरची, रात्रीची की सकाळची, काही पत्ता नाही. मागे पन्नास नंबर ताटकळत बसलेले. डॉक्टर तेवढ्यावर गोळी वाढवतात किंवा तीच चालू ठेवतात. तीन मिनिटांत काम खल्लास.

दुसरा प्रकार तर घरोघरचा आहे. तपासणीची तारीख जवळ आली की चार दिवस आधी भात बंद, चहातली साखर बंद, पहाटे शिवाजीनगरच्या रस्त्यानं फिरणं चालू. लॅबचा रिपोर्ट बरा येतो, डॉक्टर खूश होतात, आणि त्याच संध्याकाळी जिलेबी. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पास होणाऱ्या पोराला आपण शिव्या देतो आणि स्वतः वेगळं काय करतो? फरक एवढाच की इथे पेपर तपासणारा आपलं मूत्रपिंड आहे, आपले डोळे आहेत. त्यांना फसवता येत नाही.

काही जण म्हणतील, तीन महिन्यांची शुगर काढतोच की आम्ही. एचबीए१सी काढाच, ती लागतेच. पण ती आहे सरासरी. दोन माणसांची तीन महिन्यांची शुगर सात आली. एकाची दिवसभर ११० ते १९० मध्ये फिरते. दुसऱ्याची दुपारी ५० पर्यंत खाली जाते आणि रात्री जेवल्यावर ३०० च्या वर. कागदावर दोघंही सात. पहिला ठीक आहे, दुसरा कधी चक्कर येऊन गाडीवरून पडेल सांगता येत नाही. त्यात आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं काही नवीन नाही, आणि अंगात रक्त किंवा लोह कमी असेल तर ही तपासणी फसवा आकडाही दाखवू शकते. म्हणून सरासरीच्या जोडीला रोजचे आकडे लागतात, वेळेसकट.

एक उदाहरण सांगतो. ओळखीतले एक काका, साठी ओलांडलेले, एकादशी कधी चुकवली नाही. पंढरपूरची एकादशी करून बार्शीची द्वादशी करायची, ही आपल्या भगवंताच्या गावची रीत, त्यामुळे त्यात कुणाला वावगं काही वाटत नव्हतं. पण काकांना शुगर खाली आणणारी जोरकस गोळी चालू होती. एकादशीलाही ती सकाळी नेमानं घ्यायचे, आणि पोटात दुपारपर्यंत फक्त चहा. बाराच्या सुमाराला दरदरून घाम, हातपाय थरथर. घरातले म्हणायचे, पित्त झालंय. एका एकादशीला सुनेनं बोट टोचून बघितलं तर ५८. मग साबुदाण्याची खिचडी, वर केळं, राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी २८० च्या घरात.

आता गंमत बघा. डॉक्टरांकडे जायचे ते साध्या दिवशी. उपाशीपोटीची शुगर बरी, जेवणानंतरची बरी. डॉक्टरांना एकादशी दिसतच नव्हती. सुनेनं महिन्याभराचे आकडे वहीच्या एका पानावर लिहिले. तारीख, वेळ, आकडा, त्या दिवशी काय खाल्लं ते. ते पान टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते त्यांनी बदलून दिलं. काकांची एकादशी चालू आहे, घाम आणि थरथर बंद आहे. इथे नवीन औषध नाही, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याची वारी नाही. एक पान होतं. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. प्रत्येकाची गोळी वेगळी, शरीर वेगळं.)

मग लोक आकडे दाखवत का नाहीत? आळस हे सोपं उत्तर झालं. खरं कारण भीती आहे. आकडा जास्त दिसला की डॉक्टर रागावतील, ही एक भीती. इन्सुलिन सुरू करतील, ही दुसरी. बायको किंवा सून म्हणेल, "बघा, मी सांगत होते", ही तिसरी. म्हणून वहीत १९० चे १३० होतात. एका डॉक्टरांनी मला सांगितलं, वहीतले आकडे सगळे शून्यावर संपणारे असले की मला कळतं, हे घरी बसून एका दमात लिहिलेत.

इथे मला डॉक्टरमंडळींनाही हात जोडून काही सांगायचंय. साहेब, शुगरचा आकडा हा चारित्र्याचा दाखला नव्हे. रक्तदाब वाढला की तुम्ही औषध बदलता, शुगर वाढली की मात्र बोलणी बसतात. "तोंडावर ताबा नाही तुमचा" हे वाक्य ऐकलेला माणूस पुढच्या वेळी खरा आकडा आणत नाही, आणि खोट्या आकड्यावर दिलेलं औषध खरं नुकसान करतं. ताण, ताप, नीट झोप न होणं, गुडघ्यासाठी घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यातल्या कशानंही शुगर वर जाते. दोष दर वेळी जिभेचाच असतो असं नाही. आधी आकडा बघा, मग "त्या दिवशी काय झालं होतं?" एवढं विचारा. बघा माणूस कसा बोलता होतो.

आणि हेही मान्य करू की डॉक्टरांचा वेळ फुकटचा नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर नुसता मशीनचा फोटो टाकायचा आणि सकाळी "साहेबांनी बघितलंसुद्धा नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यानुसार डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, चॅटवरसुद्धा सल्ला देऊ शकतात, त्याची नोंद ठेवायची असते आणि फीही घेऊ शकतात. तेव्हा दोघांनी आधीच ठरवून घ्यावं. आकडे कुठे पाठवायचे, आठवड्यातून किती वेळा, उत्तर कधी मिळेल, किती पैसे. आणि कुठल्या आकड्याला मेसेज न टाकता थेट दवाखाना गाठायचा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. व्हॉट्सॲप म्हणजे अपघात विभाग नव्हे.

आता आपल्या बाजूचं काम. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपया लागत नाही.

पहिलं, मशीनचं घड्याळ बघा. बहुतेक मशीन शेकडो आकडे लक्षात ठेवतात, तारीख-वेळेसकट. पण घड्याळ कुणी लावलेलंच नसतं, नाहीतर सेल बदलल्यावर बिघडलेलं असतं. मग मशीन सांगतं, पहाटे तीनला शुगर २४०, आणि खरी असते ती दुपारच्या जेवणानंतरची. अशा नोंदीवरून डॉक्टर काय ठरवणार?

दुसरं, एका मशीनवर एकच माणूस. नवरा-बायको दोघांना शुगर आणि मशीन एकच, हे सर्रास दिसतं. मशीनला काय माहीत कुणाचं बोट ते! एकच वापरायचं असेल तर दोघांची वही वेगळी ठेवा. आणि टोचायची सुई तर कधीच दोघांत वापरू नका, त्यातून कावीळ बी सारखा आजार पसरू शकतो.

तिसरं, हात धुवून, कोरडे करून टोचा. गूळ फोडलेल्या, आंबा कापलेल्या हातानं तपासलं तर आकडा खोटाच वर येणार. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, तारीख बघा. आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका.

चौथं, नुसता आकडा लिहू नका. वेळ, जेवणाआधी की नंतर, गोळी-इन्सुलिन कधी घेतलं, आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द. लग्न, उपवास, ताप, रानात जास्तीचं काम. या दोन शब्दांतच निम्मं निदान असतं. आणि ७० च्या खाली गेलेला आकडा पानावर सगळ्यात वर लिहा. आपल्याकडे वाढलेल्या शुगरचा बोभाटा होतो, घटलेली मात्र कुणी सांगत नाही. पण जीव घ्यायला घटलेली शुगर एक रात्रही पुरते. ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

पाचवं, दवाखान्यात जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत टाका.

आणि हो, प्रत्येकानं रोज चार वेळा बोटं टोचायची गरज नाही. पन्नास पट्ट्यांची डबी स्वस्त नसते, शेतमजुराच्या घरात तो आठवड्याचा किराणा असतो. साध्या मेटफॉर्मिनवर शुगर आटोक्यात असलेल्याला रोजची टोचाटोची लागत नाही. इन्सुलिनवाल्यांना जास्त लागते, शुगर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांनाही लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनाच विचारा, "माझ्यासाठी कमीत कमी किती आकडे पुरतील?" न बघितल्या जाणाऱ्या शंभर आकड्यांपेक्षा बघितले जाणारे दहा आकडे लाखमोलाचे.

सेन्सरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चौदा दिवसांचे हजारो आकडे असतात, ते कुणी वाचत बसत नाही. त्याचा एक पानाचा आलेख निघतो, तो घेऊन जा. त्यात बघायचं काय? दिवसातला किती वेळ शुगर ७० ते १८० मध्ये राहिली. बहुतेक प्रौढांसाठी हा वेळ ७० टक्क्यांच्या वर असावा, म्हणजे चोवीस तासांतले साधारण सतरा तास. आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसांसाठी ही मोजपट्टी सैल असते, तिथे शुगर खाली न जाणं जास्त महत्त्वाचं. काही सेन्सर तर असे असतात की पेशंटला आकडा दिसतच नाही, शेवटी डॉक्टरच तो काढून बघतात. अशा वेळी आलेख समजावून सांगा, त्याची एक प्रत द्या, असं म्हणायला लाजू नका. तुमच्या दंडावरचा आकडा तुमचाच आहे.

इथून मी येतो सगळ्यात नाजूक विषयाकडे. आकडा द्यायचा, पण कुणाला?

डॉक्टर, सिस्टर, आहारतज्ज्ञ, घरातला एक विश्वासू माणूस. बस. शुगरचा आकडा ही साधी गोष्ट वाटते, पण लग्न ठरायच्या मुलीला टाइप १ आहे हे कुठल्या तरी ग्रुपवर फिरलं तर काय होतं, ते आपल्या गावात कुणाला सांगायला नको. ड्रायव्हरची नोकरी, विम्याचा हप्ता, सगळ्यावर याची सावली पडू शकते. मोफत शिबिरात नाव, मोबाईल नंबर, शुगर एकाच कागदावर लिहून घेतात, कुणी तरी मोबाईलमध्ये ॲप टाकून देतं आणि आपण "परवानगी द्या" वर बोट दाबत सुटतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ साली मंजूर केला. त्याचं साधं म्हणणं असं की माहिती कशासाठी घेताय ते सांगून, माणसाच्या मोकळ्या संमतीनं घ्या, आणि दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क त्याला आहे. तेव्हा शिबिरात विचारा, "हा कागद कुठे जाणार?" उत्तर देता येत नसेल तर शुगर तपासून घ्या, पण मोबाईल नंबर देऊ नका. कुटुंबाच्या ग्रुपवर आईच्या शुगरचा रोजचा फोटो टाकायच्या आधीही एकदा आईला विचारा. तीही माणूस आहे.

तशीच एक गल्लत दूर करतो. आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड एक नव्हे. आयुष्मान कार्ड उपचाराच्या खर्चासाठी आहे. आभा हा चौदा अंकी क्रमांक आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी, आणि त्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या तर तुमची संमती लागते. पण आभा काढलं म्हणजे घरातल्या मशीनचे आकडे आपोआप डॉक्टरांना दिसायला लागले, असं होत नाही. ते पान आपल्यालाच न्यायचंय.

आता सरकारी बाजू. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासायची मोहीम चालू आहे. आशाताई दारोदार फिरून फॉर्म भरतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी तपासणी करतात, माहिती पोर्टलवर चढते. चढायलाच हवी. माझा प्रश्न एवढाच आहे, वर चढलेली माहिती खाली पेशंटच्या हातात काय होऊन परत येते? ज्या आशाताईनं आकडा घेतला तिला पुढच्या भेटीला त्या माणसाचे मागचे आकडे दिसतात का? माहिती दिल्लीच्या टेबलावर पोचली आणि गावातल्या दवाखान्याच्या टेबलावर नाही, तर तिचा पेशंटला उपयोग काय?

मोठ्या मागण्या करून काही होत नाही, म्हणून छोट्या करतो. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात शुगरच्या पेशंटला मराठीत छापलेलं एक पानी कार्ड मिळावं. तारीख, वेळ, आकडा, औषध, शेरा. छपाईचा खर्च एका फ्लेक्सपेक्षा कमी येईल. आठवड्यातली एक दुपार फक्त वही-मशीन बघण्यासाठी ठेवावी. त्या दुपारी आकडे उतरवून घ्यायचं काम प्रशिक्षण दिलेली सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारीही करू शकतात, डॉक्टरांपुढे फक्त अडचणीचे पेशंट जातील. इन्सुलिन घेणाऱ्या गरीब पेशंटला आणि टाइप १ च्या पोरांना पट्ट्या नियमित मिळाव्यात. औषध फुकट आणि पट्टी विकत, म्हणजे गाडी दिली आणि ब्रेक काढून घेतला.

आणि १४ नोव्हेंबर. जागतिक मधुमेह दिन. दरवर्षी रॅली निघते, पाहुण्यांचा सत्कार होतो, फोटो आम्हीच छापतो. यंदा रॅलीऐवजी "आपलं मशीन घेऊन या" असा दिवस करू. गावातल्या लॅबवाल्यांनी एक सकाळ द्यावी. माणूस उपाशीपोटी येईल, लॅबमध्ये रक्त देईल आणि त्याच वेळी स्वतःच्या मशीनवर बोट टोचेल. दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालण्यासारखा असतो, लॅबमध्ये १५० आली आणि मशीनवर १३० ते १७० मधलं काही आलं तर घाबरायचं कारण नाही. फरक त्याहून मोठा असेल तर पट्ट्या, हात, मशीन तपासायचं. तिथेच कॉलेजची पोरं बसवायची, प्रत्येक मशीनचं घड्याळ लावून द्यायला. मेडिकल असोसिएशन, केमिस्ट मंडळी, रोटरी-लायन्स, नगरपालिका, ज्यांना पुढे यायचंय त्यांनी या. बातमी मी करतो, पण सत्काराची नाही. किती मशीनची घड्याळं चुकीची निघाली आणि किती जणांचे आकडे पहिल्यांदाच डॉक्टरांनी बघितले, त्याची.

आज रात्री एवढं करा. कपाटातलं मशीन काढा, घड्याळ बघा, वहीचं एक पान आखा. आणि कमेंटमध्ये मत जरूर लिहा, भांडा, सूचना करा. फक्त स्वतःची शुगर इथे लिहू नका. ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा.